१९९ नंबरचं कौतुक, दोन नंबरची जर्सी आणि रविवारची भांडी

पत्र एप्रिल २०२५ चं, ड्राफ्टच्या आधीचं आहे:

"दादा, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, माहेर सांगलीचं. तुम्ही एरवी सासू-सुनांची भांडणं सोडवता, तसं हे बापलेकाचं पण सोडवा. आमचे हे आणि मुलगा (वय १७) दोघंही जेट्सवाले, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्स टीमचे. ह्यांचं एकच पालुपद, टॉम ब्रेडी हा क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये १९९ नंबरला गेला आणि सात सुपर बोल जिंकला, त्यामुळे नंबर-बिंबर सब झूट. पोराला मार्क कमी पडले तरी ब्रेडी, ड्रायव्हिंग टेस्टला नापास झाला तरी ब्रेडी. मुलगा म्हणतो पहिल्या दोन-तीन नंबरचा क्वार्टरबॅक घेतल्याशिवाय सुपर बोल विसरा, जेट्सनी या २४ एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये वाट्टेल ते देऊन सातव्या नंबरवरून पहिल्यावर जावं आणि मायामी युनिव्हर्सिटीचा कॅम वॉर्ड उचलावा. २०२१ ला ह्यांनीच हौसेनं त्याला झॅक विल्सनची जर्सी आणली होती, ती आता गाडी पुसायला आहे. आता पैज लागलीये, हरणाऱ्यानं सप्टेंबरपासून पूर्ण सीझन रविवारची भांडी घासायची. (डिशवॉशर आहे, पण त्यात डबे वाळत असतात, तुम्हाला माहितीच आहे.) निकाल तुम्ही द्यायचा, दोघांना मान्य आहे. फक्त मला समजेल असं लिहा, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. – एडिसनची एक ताई"

ताई,

पत्र वाचून मजा आली, कारण हा वाद तुमच्या किचनपुरता नाहीये, तिकडे टीव्हीवर कोट घालून बसलेली माणसं पण दर एप्रिलला हेच भांडतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. तुमच्या घरात निदान भांडी तरी घासून होतील.

आधी तुमच्यासाठी दोन शब्द, मग त्या दोघांकडे वळतो. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग, तिच्यात ३२ टीम आहेत आणि कॉलेजातून येणारी पोरं त्या दरवर्षी एप्रिलमध्ये ओळीनं निवडतात, सात फेऱ्या होतात, त्याला ड्राफ्ट म्हणायचं. ओळ उलटी असते, म्हणजे गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात जास्त आपटली तिला पहिला नंबर आणि जी सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली ती फेरीत शेवटी. नंबरांची अदलाबदल करता येते, पुढच्या वर्षीचे नंबर देऊन यंदा वर सरकता येतं. आणि क्वार्टरबॅक म्हणजे तो, ज्याच्या हातात प्रत्येक वेळी बॉल येतो आणि ज्यानं दोन-तीन सेकंदात ठरवायचं असतं की कुणाकडे फेकायचा, तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. जिंकला तर देव, हरला तर त्याचाच उद्धार. बास, एवढं कळलं की निम्मं कळलं.

आता ह्यांचं म्हणणं बघू.

ब्रेडीची गोष्ट खरी आहे, त्यात मीठमसाला काही नाही. २००० चा ड्राफ्ट, सहावी फेरी, १९९ वा नंबर, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले होते आणि त्यातला पहिला, चॅड पेनिंग्टन, कुणी घेतला? तुमच्या जेट्सनी, १८ व्या नंबरला. त्या वर्षी जेट्सकडे पहिल्या फेरीतले चार नंबर होते, चार! आणि पुढचं ऐका, ब्रेडीला खेळायला मिळालं कसं, तर २३ सप्टेंबर २००१ ला ब्रेडीच्या टीमचा, पेट्रियट्सचा, मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला जेट्सच्याच मो लुईसनं असा काही हाणला की तो थेट हॉस्पिटलात. ब्लेडसो हा १९९३ चा एक नंबर, २००१ च्याच मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा दहा कोटी डॉलरच्या वरचा करार झालेला. म्हणजे तो धक्का बसला नसता तर ब्रेडी किती दिवस बेंचवर राहिला असता देव जाणे. आमचे जेट्सवाले या गोष्टीचं कौतुक करतात याचं मला खरंच आश्चर्य वाटतं, स्वतःच्या हातानं शेजाऱ्याचं घर बांधून दिलंत आणि वर त्याची गोष्ट पोराला सांगताय.

पण घोडं पेंड खातं ते इथे. सहाव्या फेरीतला एक ब्रेडी निघाला म्हणून सहावी फेरी चांगली ठरत नाही. पेट्रियट्सना तो एवढा मोठा होणार हे माहीत असतं तर त्यांनी १९९ पर्यंत थांबून त्याच्या आधी दुसरी पोरं घेतली असती का? त्यांना पण नव्हतं माहीत. त्याच ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या थोडा आधी, १८३ ला, क्लीव्हलंडनं स्पर्गन विन घेतला होता, त्याचं नाव तुमच्या ह्यांना विचारा, आठवत असेल तर माझ्याकडून मिसळ. उशिरा निवडलेल्यांतले बहुतेक असेच येतात आणि जातात, त्यांच्यावर कुणी पोरांना लेक्चर देत नाही.

मी बसून हिशोब केला, अगदी साधा, कॅल्क्युलेटर पण लागत नाही. फेब्रुवारी २००२ च्या सुपर बोलपासून, म्हणजे ब्रेडीच्या पहिल्यापासून, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियानं कॅन्सस सिटीला ४०-२२ नं धुतलं तिथपर्यंत २४ सुपर बोल झाले. त्यातले पहिल्या फेरीतल्या क्वार्टरबॅकनी जिंकले १२: रॉथलिसबर्गर दोन, पेटन मॅनिंग दोन, त्याचा भाऊ इलाय दोन, महोम्स तीन, रॉजर्स, फ्लॅको आणि स्टॅफर्ड एकेक. उरलेले १२ पहिल्या फेरीत न गेलेल्यांनी. बरोब्बर अर्धे अर्धे. हे ऐकून तुमचे हे सोफ्यावरून उडी मारतील. मारू द्या. मग त्यांना सांगा की त्या १२ तले सात एकट्या ब्रेडीचे आहेत. ब्रेडी बाजूला काढला की १२ विरुद्ध ५, आणि ते पाच म्हणजे ब्रॅड जॉन्सन, ब्रीस, विल्सन (सिॲटलचा रसेल, तुमच्या गाडीवरचा नव्हे), फोल्स आणि हर्ट्स. त्यातले ब्रीस आणि हर्ट्स दुसऱ्या फेरीतले, विल्सन आणि फोल्स तिसऱ्या, म्हणजे अगदी तळातून आलेला ब्रेडी सोडून एकच, जॉन्सन, १९९२ च्या नवव्या फेरीतला. त्या काळी फेऱ्या जास्त असायच्या. एका माणसानं सगळा हिशोब फिरवलाय, आणि तो माणूस शतकात एकदा होतो असं सगळेच म्हणतात, मग त्याच्यावरून नियम कसा काढायचा?

जुन्या काळात पण असे होते हं. ग्रीन बेचा बार्ट स्टार १९५६ ला १७ व्या फेरीत २०० वा, त्यानं पहिले दोन सुपर बोल मारले. कर्ट वॉर्नरला तर कुणी निवडलाच नाही, तो आयोवात सीडर फॉल्सला किराणा सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर डबे रचायचा, तासाला साडेपाच डॉलरवर, मग छोट्या इनडोअर लीगमध्ये खेळला, मग १९९९ ला रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक सीझन सुरू व्हायच्या आधीच जायबंदी झाला आणि वॉर्नर आत आला आणि त्याच सीझनला सुपर बोल जिंकून मोकळा झाला. मला स्वतःला ही गोष्ट ब्रेडीच्या गोष्टीपेक्षा दहापट आवडते. ह्यांना म्हणावं, लेक्चर द्यायचंच असेल तर निदान नवीन तरी द्या.

आता चिरंजीव.

त्याचं वाक्य आहे "पहिल्या दोन-तीन नंबरचा". त्याच २४ मध्ये पहिल्या तीन नंबरांत गेलेले क्वार्टरबॅक किती? पेटन, इलाय, स्टॅफर्ड. तीन माणसं, पाच कप. आणि तिघंही एक नंबरवाले. त्याला सांगा की फेब्रुवारी २०२५ पर्यंतच्या ५९ सुपर बोलमध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरला निवडलेल्या क्वार्टरबॅकनं सुरुवातीपासून खेळून एकही सुपर बोल जिंकलेला नाही, एकही नाही. जानेवारी १९७१ मध्ये अर्ल मॉरल नावाचा दोन नंबरवाला बेंचवरून आला होता, मुख्य क्वार्टरबॅक युनायटसला लागलं म्हणून, आणि त्यानं मॅच संपवून दिली, तेवढीच काय ती सोय. २०१६ चा दोन नंबर कार्सन वेंट्झ, त्याला जिंकणाऱ्या टीमची अंगठी मिळाली, पण गुडघा गेल्यामुळे तो बाहेर उभा होता आणि तिसऱ्या फेरीतल्या निक फोल्सनं ब्रेडीला ४१-३३ हरवलं. आणि जेट्सनी गेल्या काही वर्षांत काय घेतलं? २०१८ ला तीन नंबर, सॅम डार्नोल्ड. २०२१ ला दोन नंबर, झॅक विल्सन. पोराच्या अंगात जर्सी घालून झालीये, त्याला मी काय वेगळं सांगणार.

एक नंबरवाले मात्र जिंकतात, ते नाकारून चालणार नाही. एकूण सात जण आहेत, ब्रॅडशॉ, प्लंकेट, एल्वे, एकमन, दोघं मॅनिंग आणि स्टॅफर्ड, मिळून १६ सुपर बोल, ५९ पैकी. एका नंबरच्या मानानं हे भरपूर झालं. आणि हो, जेट्सचा जो एकुलता एक कप आहे, जानेवारी १९६९ चा, तो जिंकून देणारा जो नमाथ पण एक नंबरच होता, त्या वेळी एएफएल नावाची वेगळी लीग होती तिच्या ड्राफ्टचा, हे मुलानं अजून वडिलांच्या तोंडावर कसं मारलं नाही याचं मला नवल वाटतंय. नमाथ मी त्या सातात धरला नाही कारण दुसऱ्या लीगनं, एनएफएलनं, त्याला १२ व्या नंबरला निवडला होता, उगाच वाद नको.

पण त्या सात जणांकडे जरा नीट बघा ताई, इथे तुमचा अनुभव कामाला येईल. पहिला नंबर मिळतो सगळ्यात फाटक्या टीमला. म्हणजे गावातली सगळ्यात गुणी मुलगी नियमानं सगळ्यात विस्कटलेल्या घरात द्यायची, जिथे सासरा भांडकुदळ, छप्पर गळतंय, आणि वर म्हणायचं की हिनं येऊन घर सावरलं पाहिजे, तेही पहिल्या दिवाळीच्या आत. सावरतात काही जणी. पण एल्वेनं काय केलं माहितीये? १९८३ ला बाल्टिमोर कोल्ट्सनी त्याला एक नंबरला घेतला, त्यानं सरळ सांगितलं मी तुमच्याकडे येत नाही, वाटल्यास बेसबॉल खेळेन. मग त्याला डेन्व्हरला पाठवला, आणि तिथे दोन कप. इलाय मॅनिंगनं २००४ ला सॅन डिएगोला तसंच कळवलं, आणि त्याच दिवशी अदलाबदल होऊन तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला, दोन कप. प्लंकेटला ज्यांनी निवडला त्या पेट्रियट्सकडे काही जमलं नाही, मधे एका टीमनं त्याला काढून टाकला, शेवटी रेडर्सकडे दोन जिंकला. स्टॅफर्डनं डेट्रॉइटमध्ये बारा वर्षं काढली, प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, एक मॅच जिंकता आली नाही, लॉस एंजेलिसला गेला आणि पहिल्याच वर्षी कप. ज्यांनी निवडलं त्यांनाच जिंकून देणारे उरले तीन, ब्रॅडशॉ, एकमन आणि पेटन.

बरं, या तिघांचं पहिलं वर्ष कसं गेलं? ब्रॅडशॉचे १९७० ला सहा टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार, आणि २४ इंटरसेप्शन, म्हणजे बॉल सरळ विरोधकाच्या हातात. एकमन १९८९ ला जेवढ्या मॅचमध्ये सुरुवातीला उतरला तेवढ्या सगळ्या हरला, ११ च्या ११, टीमचा आकडा १-१५, म्हणजे एक मॅच जिंकली, पंधरा हरल्या. पेटननं १९९८ ला २८ इंटरसेप्शन टाकले, नवख्यांचा तो विक्रम आहे, आणि त्याचा कप आला नवव्या सीझनला. आणि म्हणूनच माझं मत असं झालंय की नंबरानं कप मिळत नाही, नंबरानं दम मिळतो. म्हणजे मालकानं एवढे पैसे आणि एवढी अब्रू पणाला लावलेली असते की तो पोराला लगेच काढू शकत नाही, चुका करायला दोन-तीन वर्षं मिळतात. सहाव्या फेरीतल्या पोरानं २८ बॉल विरोधकाला दिले असते तर ख्रिसमसच्या आधी त्याचं लॉकर रिकामं झालं असतं, आणि पेटन मॅनिंग कोण होता हे कुणाला कळलंही नसतं. ही गोष्ट मुलाच्या बाजूनं जाते. पोरगं हुशार असेल तर नंबर त्याला वेळ देतो. आणि हुशार नसेल तरी देतो, तो भाग वेगळा.

आणि नुसता दम असून पण भागत नाही. ह्यूस्टनची नवी टीम २००२ ला सुरू झाली, पहिल्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी एक नंबरला डेव्हिड कार घेतला, पण त्याच्यासमोर भिंत बनून उभी राहणारी जी पाच माणसं लागतात ती धड नव्हती. पहिल्या वर्षी तो ७६ वेळा बॉल हातात असताना आडवा झाला. १६ मॅच आणि ७६ वेळा, म्हणजे दर मॅचला जवळजवळ पाचदा पाठीवर. त्या पोरानं फेकायचं कधी आणि शिकायचं कधी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

याच्या उलट महोम्स बघा. २०१७ चा दहावा नंबर. त्याच्या आधी शिकागोनं तिसऱ्यावरून फक्त एक पायरी वर सरकायला तीन जादा नंबर देऊन दोन नंबरला मिचेल ट्रुबिस्की घेतला होता, शिकागोची मंडळी ते अजून विसरलेली नाहीत. कॅन्सस सिटी मुळात २७ व्या नंबरला होती, कारण टीम चांगली होती, आदल्या सीझनला १२ मॅच जिंकलेल्या. त्यांनी नंबर देऊन दहाव्यावर उडी मारली, पोरगं घेतलं आणि वर्षभर बसवून ठेवलं, फक्त शेवटची मॅच खेळवली. समोर खेळत कोण होता? ॲलेक्स स्मिथ, २००५ चा एक नंबर! आणि कोच अँडी रीड. तीन कप झालेत आत्तापर्यंत. रॉजर्सचं पण तेच, २००५ ला २४ वा गेला, ग्रीन बेला तीन वर्षं फाव्हरच्या मागे बसला, मग खेळला. जो नंतर तुमच्याकडे आला तो म्हातारा रॉजर्स, पहिल्याच मॅचला चौथ्या प्लेला टाच धरून बसला, त्यात त्याच्या ड्राफ्ट नंबरचा काही दोष नाही.

हर्ट्सचं नाव वर आलं म्हणून सांगतो. जानेवारी २०१८, कॉलेजची फायनल, अलाबामाचा हा क्वार्टरबॅक, हाफटाइमला कोचनं त्याला बसवला आणि टुआ टागोवायलोआ नावाच्या नव्या पोराला उतरवला, त्यानं मॅच जिंकून दिली. २०२० च्या ड्राफ्टला टुआ पाचवा गेला, हर्ट्स ५३ वा, आणि तो पण अशा टीमकडे जिच्याकडे वेंट्झ आधीच मोठ्या पगारावर बसला होता, फिलाडेल्फियाचेच लोक म्हणत होते हा कशाला घेतला. २०२५ चा सुपर बोल कुणी जिंकला? पण त्या मॅचला फिलाडेल्फियाच्या बचावानं महोम्सला सहा वेळा आडवा केला, हेही बघायला पाहिजे ना. क्वार्टरबॅक बचाव खेळत नाही. बाल्टिमोर जानेवारी २००१ ला जिंकली तेव्हा त्यांच्या बचावानं अख्ख्या सीझनच्या १६ मॅचमध्ये मिळून फक्त १६५ पॉइंट दिले होते, क्वार्टरबॅक होता ट्रेंट डिल्फर, सहाव्या नंबरचा, आणि कप जिंकल्यावर त्यांनी त्याला नारळ दिला! कप जिंकून देणाऱ्याला! यावरून काय ते समजा.

आता पैशाचं थोडक्यात, कारण तुमच्या ह्यांना आयटीत राहून पगाराची भाषा लवकर कळेल. प्रत्येक टीमला वर्षाला ठरावीक रकमेतच सगळ्यांचे पगार बसवावे लागतात, २०२५ ला ती २७.९२ कोटी डॉलर होती. वरचे क्वार्टरबॅक आता वर्षाला पाच-सहा कोटी घेतात, डॅलसचा प्रेस्कॉट सहा. नवख्या पोरांचे पगार २०११ पासून नंबरानुसार बांधून टाकलेत. २०१० चा एक नंबर सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचे ७.८ कोटी, त्यातले पाच पक्के. पुढच्याच वर्षीचा एक नंबर कॅम न्यूटन, चार वर्षांचे २.२ कोटी. फरक बघा! त्यामुळे नवखा क्वार्टरबॅक चांगला निघाला तर पहिली चार-पाच वर्षं तो स्वस्तात पडतो आणि वाचलेल्या पैशात बाकीची टीम उभी करता येते. रसेल विल्सन तिसऱ्या फेरीतला, चार वर्षांचे मिळून जेमतेम ३० लाख डॉलर, आणि दुसऱ्याच सीझनला सिॲटलनं डेन्व्हरला ४३-८ असं लोळवलं, समोर पेटन मॅनिंग होता. म्हणजे उशिराचा नंबर या बाबतीत चक्क फायद्याचा. फक्त तो चांगला निघाला पाहिजे, आणि तीच तर रड आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चिरंजीवांचं "वाट्टेल ते देऊन". हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कॅरोलायना पँथर्सनी २०२३ ला नवव्यावरून पहिल्या नंबरला जाण्यासाठी शिकागोला काय दिलं लिहून घ्या: तो नववा नंबर, त्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीतला नंबर, २०२४ चा पहिल्या फेरीतला, २०२५ चा दुसऱ्या फेरीतला, आणि वर डीजे मूर, त्यांचा सगळ्यात चांगला रिसीव्हर, म्हणजे नव्या क्वार्टरबॅकनं ज्याच्याकडे बॉल फेकायचा तोच माणूस देऊन टाकला. आणला ब्राइस यंग. पहिल्या वर्षी २-१५. त्यामुळे २०२४ चा जो नंबर देऊन बसले होते तो निघाला एक नंबर, आणि शिकागोनं त्यावर केलब विल्यम्स घेतला. दुसऱ्या वर्षी दोन मॅच झाल्या आणि यंगला बेंचवर बसवला. पोरगं वाईट नाहीये, नंतर परत आला तेव्हा बरा खेळला, पण घर रिकामं करून नवरी आणली आणि चूल पेटवायला काडी नाही, अशी गत.

सॅन फ्रान्सिस्कोचं त्याहून भारी. २०२१ ला पहिल्या फेरीतले तीन नंबर आणि वर एक तिसऱ्या फेरीतला एवढं देऊन १२ व्यावरून तिसऱ्यावर आले, ट्रे लान्स घेतला, तो काही लागला नाही, दोन वर्षांत डॅलसला चौथ्या फेरीतल्या एका नंबरावर देऊन टाकला. आणि मधल्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा, बाकी सगळं संपल्यावर घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, वर्षाला नऊ लाख डॉलरपेक्षा कमी पगारात. हरला, ओव्हरटाइममध्ये, महोम्सकडून, २५-२२. ही गोष्ट ह्यांना सांगू नका, परत पालुपद सुरू होईल.

तर निकाल. पैजेची वाक्यं जशीच्या तशी घेतली तर दोघंही चूक. पण कमी चूक मुलगा आहे. लवकर निवडलेल्या क्वार्टरबॅकची शक्यता जास्त असते, ब्रेडी काढला की आकडे तेच सांगतात, आणि ब्रेडीवर भरवसा ठेवून टीम बांधता येत नाही. त्यामुळे भांडी ह्यांनी घासायची. पूर्ण सीझन. मुलाला "वाट्टेल ते देऊन" या शब्दांसाठी दंड म्हणून ओटा पुसायला लावा आणि ते डिशवॉशरमधले डबे जागेवर लावायला लावा. ह्यांनी अपील केलं तर मला पाठवू नका, मी हा निकाल फिरवणार नाही. आणि पोराच्या मार्कांवर ब्रेडी बंद, त्याऐवजी शांतपणे शेजारी बसून गणितं सोडवून घ्या म्हणावं.

जेट्सनी काय करावं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण राहवत नाही. २०२४ च्या सीझनला ५-१२, प्लेऑफ बघून तेव्हा १४ वर्षं झाली होती, २०२५ ला नवा कोच ॲरन ग्लेन आला, आणि त्याच मार्चमध्ये क्वार्टरबॅक म्हणून जस्टिन फील्ड्स आणला, दोन वर्षांचा करार. तोही २०२१ चाच, ११ वा. शिकागोला फारसं जमलं नाही, पिट्सबर्गला बरं खेळला. डार्नोल्ड तुमच्याकडून गेल्यावर २०२४ ला मिनेसोटाला १४ मॅच जिंकला, मग मार्च २०२५ मध्ये सिॲटलला गेला. जीनो स्मिथ पण तुमच्याकडचाच, तोही बाहेर पडल्यावर सुधारला. म्हणजे पोरं येतात ती अगदीच वाईट नसतात, ती इथे येऊन तशी होतात, आणि हे जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत कॅम वॉर्डला आणून त्याचं पण तेच करायचं का? २०२५ चा पहिला नंबर टेनेसीकडे आहे, ते तो सोडणार नाहीत असं मला वाटतं, पण सोडलाच तरी जेट्सनी त्याच्या मागे लागू नये. सातव्या नंबरला एखादा दांडगा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या भिंतीतला गडी, मिळाला तर डोळे मिटून घ्यावा, २०२४ ला ११ व्या नंबरला ओलू फशानू हा टॅकल घेतलाय त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा करावा, फील्ड्सला निदान उभं राहून बघायला वेळ मिळेल. त्यातून तो चालला तर उत्तम, नाही चालला तर पुढच्या वर्षी तुमचे सगळे नंबर तुमच्याकडेच असतील आणि तेव्हा जो क्वार्टरबॅक येईल त्याला रोज पाठीवर पडावं लागणार नाही. चिरंजीव टॅकलचं नाव ऐकून तोंड वाकडं करतील, टॅकलची जर्सी कुणी विकत घेत नाही, तेवढेच शंभर-दीडशे डॉलर वाचले.